फ्रेंच चिखलात इटालियन चाक

१९५० ते १९५८ या नऊ वर्षांत सायक्लो-क्रॉसचं विश्वविजेतेपद तिघांनीच आपसात वाटून घेतलं, आणि तिघेही फ्रेंच होते. पहिल्या वर्षी पॅरिसला जाँ रोबिक जिंकला, पुढची तीन वर्षं रॉजे राँदो, आणि त्यानंतर सलग पाच वर्षं आंद्रे द्युफ्रेस. स्पर्धा लक्झेंबर्गला भरली, जिनिव्हाला भरली, स्पेनच्या बास्क मुलखातल्या ओन्यातेला भरली, बेल्जियमला भरली. एकदा तर खुद्द इटलीत, मिलानच्या वायव्येकडच्या क्रेन्ना गावात भरली. यजमान बदलत गेले, चिखल बदलत गेला, निकाल मात्र तोच राहिला. १९५८ मध्ये द्युफ्रेस आपल्या स्वतःच्या लिमुझँ प्रांतात, लिमोजला, घरच्या माणसांसमोर पाचव्यांदा जिंकला, तेव्हा हा खेळ फ्रेंचांच्या मालकीचाच आहे असं कुणी म्हटलं असतं तर त्याला खोडून काढणं अवघड होतं.

पुढच्या हिवाळ्यात, १९५९ साली, स्पर्धा पुन्हा जिनिव्हाला आली आणि ती एका एकवीस वर्षांच्या इटालियन पोरानं जिंकली. त्याचं नाव रेनातो लोंगो. फ्रान्सबाहेरचा हा पहिला विश्वविजेता, आणि तोवरच्या सगळ्या विजेत्यांत वयानं सर्वांत लहान. पुढच्या आठ वर्षांत तो आणखी चार वेळा जिंकला. एवढं करूनही सायकलवेड्या इटलीच्या आठवणीत कोप्पी, बार्ताली या रस्त्यावरच्या दिग्गजांच्या आसपासही त्याला जागा मिळाली नाही. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते, म्हणून त्याच्या उमेदीच्या वर्षांचा हा इतिहास सविस्तर सांगावासा वाटतो.

आधी खेळ समजून घ्यायला हवा. सायक्लो-क्रॉस म्हणजे ऐन हिवाळ्यात शेतातून, जंगलातून, माळावरून होणारी सायकल शर्यत. दोन-तीन किलोमीटरची वाट आखायची आणि साधारण तासभर तिच्यावरच फेऱ्या मारत राहायचं. वाटेत नांगरलेलं रान लागतं, ओली गवताळ उतरण लागते, ओढा लागतो, कधी दगडी पायऱ्या लागतात. काही ठिकाणी सायकल चालवणं अशक्यच असतं. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळत सुटायचं. पावसाळ्यात आपल्याकडच्या खेड्यातलं शाळकरी पोर सायकल खांद्यावर टाकून ओढा ओलांडतं ना, तसंच. फक्त इथे मागून तीस-चाळीस जण धावत येत असतात आणि पलीकडे गेल्या गेल्या पुन्हा सायकलवर उडी घ्यायची असते.

खेळाचा जन्म फ्रान्समधला. दान्येल गुसो नावाच्या एका साध्या शिपायाला घोड्यावरच्या अधिकाऱ्याच्या सोबतीनं जंगलातून सायकल हाकायची सवय होती, त्यात त्याला मौज वाटू लागली आणि मग त्यानं मित्रांना जमवलं, असं सांगतात. १९०२ मध्ये त्यानंच फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. पण हा प्रकार नावारूपाला आला तो ओक्ताव्ह लापीझमुळे. १९१० साली टूर द फ्रान्स पहिल्यांदाच पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली. त्या काळचे घाटरस्ते म्हणजे दगडगोट्यांच्या गाडीवाटा; भलेभले स्पर्धक उतरून सायकल ढकलत वर चढले. त्या वर्षीची टूर लापीझनं जिंकली आणि हिवाळ्यात केलेल्या सायक्लो-क्रॉसचा आपल्याला उपयोग झाला असं त्यानं सांगितलं. एवढी शिफारस पुरेशी होती. रस्त्यावरचे व्यावसायिक सायकलपटू थंडीतले रिकामे महिने रानात घालवू लागले. बेल्जियमनं १९१० मध्ये, स्वित्झर्लंडनं १९१२ मध्ये आपापल्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या. इटलीला मात्र त्यासाठी १९३० साल उजाडावं लागलं. १९२४ पासून पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय शर्यत भरू लागली होती, आणि अधिकृत विश्वस्पर्धा नव्हती तोवर तिलाच तो मान होता. म्हणजे स्पर्धा फ्रेंचांची, मैदान फ्रेंचांचं, आणि बहुतेक कौशल्यही त्यांचंच.

म्हणूनच १९५० चा पहिला अधिकृत विश्वविजेता रोबिक असावा यात नवल नव्हतं. हा बुटका, हट्टी ब्रेतों गडी, १९४७ च्या टूरचा विजेता. ती टूर त्यानं शेवटच्या दिवशी, रूआँ शहराबाहेरच्या एका चढावर हल्ला चढवून जिंकली होती. आघाडीवरच्या स्पर्धकाची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एकही दिवस शर्यत धावली नव्हती. चिखलात धावायला लागणारा चिवटपणा त्याच्यात पुरेपूर होता. राँदो आणि द्युफ्रेस यांनी मात्र या प्रकाराला हिवाळी व्यायाम मानलं नाही. ते याच खेळाचे मास्तर झाले. विशेषतः द्युफ्रेस. पाच वर्षं सलग जगात पहिलं येणं हे कुठल्याही खेळात दुर्मीळ. आणि जिथे एक घसरलेलं चाक, एक अडकलेली चेन सगळं उलटंपालटं करू शकते, तिथे तर फारच.

इटलीत तेव्हा सायकल म्हणजे रस्ता. जिरो, मिलान–सान रेमो, लोंबार्दिया या शर्यती, आणि फाउस्तो कोप्पी विरुद्ध जिनो बार्ताली. अख्खा देश या दोघांत वाटला गेलेला. रानातल्या शर्यतींना लोक ओळखत होते, पण शर्यतींच्या पंक्तीत त्यांचं पान शेवटी मांडलं जाई. याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे लुईजी मालाब्रोका. कोप्पीच्या मुलखातला, तोर्तोनाचा हा माणूस इटलीत आजही एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. १९४६ आणि १९४७ च्या जिरोत तो शेवटचा आला. त्या काळी शेवटच्या स्पर्धकाला काळी जर्सी मिळे, आणि तिच्याबरोबर पैसे, भेटवस्तू, लोकांचं प्रेमही. युद्धानं पिचलेल्या देशात शेवटचा येणारा माणूस लोकांना आपला वाटला, आणि मालाब्रोका ती जागा मिळवण्यासाठी वाटेत मुद्दाम रेंगाळू लागला. पुढे सांते कारोल्लो नावाच्या दुसऱ्या एकानं १९४९ मध्ये त्याच्याकडून ती काळी जर्सी हिसकावून घेतली. ही कथा इटलीत शंभरदा सांगून झाली आहे. मात्र हाच मालाब्रोका १९५१ आणि १९५३ मध्ये इटलीचा सायक्लो-क्रॉस विजेता होता, हे त्या कथेच्या शेपटीला कसंबसं चिकटलेलं असतं. रस्त्यावर शेवटचा आलेला लक्षात राहिला आणि रानात पहिला आलेला विसरला गेला. माणूस मात्र एकच होता.

लोंगो ज्या मुलखातून आला तिथे सायकलची कमतरता नव्हती. ९ ऑगस्ट १९३७ ला तो व्हित्तोरिओ व्हेनेतोमध्ये जन्मला. व्हेनिसच्या उत्तरेला, त्रेव्हिझो प्रांतात, जिथे मैदान संपून आल्प्सच्या पायथ्याचे डोंगर सुरू होतात तिथे हे गाव. १८६६ मध्ये चेनेदा आणि सेर्राव्हाल्ले ही दोन जुनी गावं एकत्र करून ते वसवलं आणि राजा व्हित्तोरिओ एमानुएलेच्या नावावरून त्याला व्हित्तोरिओ म्हणू लागले. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑस्ट्रियाविरुद्धची शेवटची, निर्णायक लढाई इथे जिंकली गेली, आणि मग गावाचं नाव इटलीच्या गावोगावच्या रस्त्यांना मिळालं. फेल्लिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’ चित्रपटामुळे गाजलेली रोममधली व्हिया व्हेनेतो, तिचं नावही याच गावावरून पडलेलं. गंमत म्हणजे गावाच्या नावाला विजयाचा वास असला तरी गाव स्वतः सुखात नव्हतं. व्हेनेतो तेव्हा गरीब प्रांत होता. इथली माणसं पोटासाठी स्वित्झर्लंडला, बेल्जियमच्या खाणींत, लक्झेंबर्गच्या पोलाद कारखान्यांत, समुद्रापलीकडे अर्जेंटिनाला जात. १९४३ नंतर जर्मन फौजा आल्या, आणि गावामागच्या कानसिल्योच्या जंगलात प्रतिकार करणाऱ्यांनी तळ ठोकले. युद्ध संपलं तेव्हा लोंगो सात वर्षांचा होता.

पण सायकल. गावाला लागूनच कोल्ले उंबेर्तो आहे, आणि तिथल्या सान मार्तिनो वाडीत ऑत्ताव्हिओ बोत्तेक्किया जन्मला. गरिबाघरचा, जेमतेम अक्षरओळख असलेला हा गवंडी पहिल्या महायुद्धात सायकलस्वार सैनिकांच्या तुकडीत होता. १९२४ मध्ये तो टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला इटालियन ठरला, आणि तेही पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत पिवळी जर्सी न सोडता. १९२५ मध्ये पुन्हा जिंकला. १९२७ मध्ये सरावाला गेला असताना रस्त्याच्या कडेला जखमी सापडला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्या मृत्यूचं कोडं आजतागायत सुटलेलं नाही. व्हित्तोरिओ व्हेनेतोत तेओदोरो कार्निएल्लीचा कारखाना १९०९ पासून सायकली बनवत होता, आणि पुढे त्यानं आपल्या सायकलींना याच बोत्तेक्कियाचं नाव दिलं. साठच्या दशकात इटलीच्या घराघरांत पोचलेली घडीची ‘ग्राझिएल्ला’ सायकलही याच कारखान्यातून निघाली. जवळच त्रेव्हिझोत जोव्हान्नी पिनारेल्लोनं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दुकान थाटलं. तोही १९५१ च्या जिरोत शेवटचा आलेला, आणि पुढच्या जिरोतली आपली जागा सोडण्याबद्दल संघानं दिलेल्या पैशांतूनच त्यानं भांडवल उभं केलं. अशा मुलखात एखादं पोर सायकलपटू व्हायचं म्हणालं तर घरच्यांना वेड्यासारखं वाटलं नसेल. पण रस्त्याऐवजी रान निवडणं ही मात्र वेगळी गोष्ट होती.

ती निवड नेमकी काय होती हे कळण्यासाठी सायक्लो-क्रॉसचं अंग पाहावं लागतं. प्रेक्षकाला दिसतो तो दम आणि चिखल. जाणकार पाहतो ते उतरणं आणि चढणं.

अडथळा जवळ आला की स्पर्धक उजवा पाय मागून उचलून सायकलच्या डाव्या बाजूला आणतो. क्षणभर तो एकट्या डाव्या पेडलवर उभा असतो, वेग तोच. उजवा हात हँडलवरून दांडीवर येतो. मग पाय जमिनीला लागतो तो थांबण्यासाठी नाही, पुढचं पाऊल टाकण्यासाठी. उतरायचं नेहमी डावीकडून, कारण चेन उजवीकडे असते आणि तिच्यापासून अंग दूर ठेवायचं. चढ लांब असेल तर सायकल उजव्या खांद्यावर जाते. हात पुढच्या नळीखालून वळसा घालून हँडलचं डावं टोक धरतो, म्हणजे पळताना चौकट पाठीवर आपटत नाही, आणि डावा हात तोल सावरायला मोकळा राहतो. त्या काळच्या पोलादी सायकलीला चिखल चिकटला की ओझं आणखी वाढे. वर पोचल्यावर सायकल खाली ठेवायची, पण टाकायची नाही. आपटली तर चेन सुटते. दोन्ही हात हँडलवर, आणि पळता पळता उडी. मांडीची आतली बाजू सीटवर घसरत बसली पाहिजे. उडीच्या आधी एक जरी अडखळतं पाऊल पडलं तरी वेग गेला. आणि बसल्याबरोबर पाय पेडलवरच्या पत्र्याच्या कमानीत आणि चामडी पट्ट्यात शिरला पाहिजे, खाली न पाहता, चिखलानं माखलेल्या बुटासह.

समजा एका फेरीत असे पाच प्रसंग आले आणि आठ फेऱ्या झाल्या. म्हणजे चाळीस वेळा उतरणं आणि चाळीस वेळा चढणं. दर वेळी नुसता एक सेकंद वाचला तरी चाळीस सेकंदांची आघाडी मिळते, आणि तीही पायांवर जास्तीचा भार न टाकता. रस्त्यावर चाळीस सेकंद कमवायला एखादा घाट लागतो. शिवाय दुसरं एक गणित असतं. कुठे उतरायचं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. घसरड्या उतारावर बहुतेक जण सावधपणे उतरतात. ज्याचा तोल पक्का तो बसून राहतो. चिखलाच्या पट्ट्यात एखादी हातभर रुंद कडक वाट असते, ती दिसली पाहिजे. टायरमध्ये हवा किती ठेवायची? कमी ठेवली तर पकड चांगली, पण दगडावर आदळून फुटण्याची भीती. हे सगळं शर्यतीच्या आदल्या दिवशी वाट चालून पाहताना ठरतं, आणि शर्यतीच्या दिवशी पाऊस पडला की पुन्हा ठरवावं लागतं.

लोंगोची ख्याती याच सफाईची. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींच्या विजेत्यांत त्याचं नाव सापडत नाही, आणि त्याच्याविरुद्ध हिवाळ्यात हरणाऱ्यांत रस्त्यावरचे चांगले मानकरी होते. म्हणजे नुसत्या पायांच्या ताकदीवर तो जिंकत नव्हता. रस्त्यावर ताकद सेकंदाला सेकंद जोडत जाते. रानात ती जागोजाग वाया जाते, आणि जो ती सर्वांत कमी वाया घालवतो तो पुढे राहतो. माझ्या मते लोंगोनं युरोपला दाखवलेली नवी गोष्ट हीच होती, की हा खेळ रस्त्याच्या ताटाखालचं मांजर नाही. यातलं कौशल्य स्वतंत्र आहे, आणि तेवढ्यावर एखादा माणूस आपलं आयुष्य उभारू शकतो. राँदो आणि द्युफ्रेस यांनी ते फ्रान्सपुरतं सिद्ध केलं होतं. लोंगोमुळे ते सीमेपलीकडेही खरं ठरलं.

१९५० च्या दशकाच्या अखेरीला इटलीत या खेळाचं नेतृत्व आमेरिगो सेव्हेरिनीकडे होतं. मार्के प्रांतातला हा अनुभवी गडी १९५८ च्या लिमोजच्या स्पर्धेत तिसरा आला होता, द्युफ्रेस आणि रोल्फ वोल्फ्सहोल यांच्या पाठोपाठ. म्हणजे इटालियनांना व्यासपीठाची पायरी दिसू लागली होती. पण द्युफ्रेसला मागे टाकण्याचं काम सेव्हेरिनीपेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या मुलाच्या हातून व्हायचं होतं.

१९५९ ची स्पर्धा जिनिव्हात भरली; राँदो १९५२ मध्ये जिंकला होता, तेच शहर. द्युफ्रेस आता बत्तीस वर्षांचा, विश्वविजेत्याला मिळणाऱ्या पाच इंद्रधनुषी जर्सींचा धनी. त्या काळी हौशी आणि व्यावसायिक असा भेद विश्वस्पर्धेत नव्हता. सगळे एकाच रेषेवरून सुटत. लोंगो पहिला आला, कोलोनचा वोल्फ्सहोल दुसरा, फ्रान्सचा मोरिस गांदोल्फो तिसरा. निकालाच्या या तीन ओळींत पुढच्या सात-आठ वर्षांची कथा आहे. पहिला एकवीस वर्षांचा, दुसरा वीस. एका फटक्यात खेळाची पिढी बदलली, आणि खेळाचं केंद्रही.

आदल्या उन्हाळ्यात एर्कोले बाल्दिनीनं रँसला रस्त्यावरचं विश्वविजेतेपद जिंकलं होतं. तेव्हा १९५९ च्या वसंतात इटलीकडे रस्त्याची आणि रानाची अशा दोन्ही इंद्रधनुषी जर्सी होत्या. एकीचा गाजावाजा झाला. दुसरी फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत आली, आणि रस्त्यावरचा हंगाम सुरू होताच मागे पडली. पुढचा हिवाळा तर इटालियन सायकलविश्वाला शोकाचाच गेला. २ जानेवारी १९६० ला कोप्पी मलेरियानं वारला, वयाच्या चाळीसाव्या वर्षी. त्याच मोसमात स्पेनच्या तोलोसाला लोंगो आपलं विजेतेपद राखायला उतरला आणि वोल्फ्सहोलनं ते त्याच्याकडून घेतलं.

वोल्फ्सहोल हा लोंगोपेक्षा निराळ्या जातीचा खेळाडू होता, आणि या दोघांची जोडी जमली हे या खेळाचं भाग्य. जर्मन, चौफेर, रस्त्यावरही तितकाच तगडा. १९६० नंतर १९६१ मध्येही, स्वतःच्या देशात हानोव्हरला, तोच जिंकला. कुणालाही वाटलं असतं की जिनिव्हाचा विजय हा एका पोराच्या नशिबाचा दिवस होता. असे एकदाच चमकलेले विजेते प्रत्येक खेळात असतात. मला लोंगोच्या सुरुवातीच्या कारकिर्दीतली ही दोन वर्षं जिनिव्हापेक्षाही महत्त्वाची वाटतात. तेवीस वर्षांच्या मुलानं एकदा शिखर पाहिलेलं आहे, दोनदा ते त्याच्या हातून गेलं आहे, आणि जिंकणारा त्याच्यापेक्षाही लहान आहे. अशा वेळी रस्त्याकडे वळणं सोपं होतं. पैसा आणि नाव तिकडेच होतं. तो रानात राहिला.

१९६२ ची स्पर्धा लक्झेंबर्गमधल्या एश-सुर-आल्झेतला होती. हे पोलादाचं गाव. लाल खनिजमातीच्या टेकड्या, भट्ट्या, आणि त्या भट्ट्यांवर व खाणींत राबायला पिढ्यान्‌पिढ्या आलेली इटालियन कुटुंबं. लोंगो तिथे जिंकला. त्याच्या विजयांच्या गावांची यादी पाहताना मला हे राहून राहून जाणवतं: जिनिव्हा, एश, आणि पुढे झ्युरिक. १९५० आणि १९६० च्या दशकांत इटलीचे गवंडी, खाणमजूर, कारखान्यातले कामगार जिथे पोट भरायला गेले तीच ही ठिकाणं. १९५६ मध्ये बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसं मेली, त्यातली १३६ इटालियन होती. त्या काळात परदेशात इटालियन असणं म्हणजे काय, हे त्या आकड्यातून कळतं. आणि त्याच मुलखांत एक व्हेनेतोचा पोरगा येऊन स्थानिकांना त्यांच्याच चिखलात मागे टाकत होता.

१९६३ मध्ये फ्रान्सच्या काले शहरात पुन्हा वोल्फ्सहोल. १९६४ मध्ये बेल्जियमच्या ओव्हरबुलारेला पुन्हा लोंगो. बेल्जियन माणूस या खेळाला किती जीव लावतो हे सांगायला नको. तिथे, फ्लँडर्सच्या मातीत, पाहुण्यानं जिंकणं ही मोठीच गोष्ट. द्युफ्रेस अजूनही धावत होता, वय चाळिशीकडे झुकलेलं असूनही. पण शर्यत आता लोंगो आणि वोल्फ्सहोल या दोघांची झाली होती.

मग १९६५ आलं आणि स्पर्धा इटलीत आली. कावारिया हे व्हारेझे प्रांतातलं गाव, गाल्लारातेपासून अगदी जवळ. द्युफ्रेसनं १९५४ मध्ये आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं ते क्रेन्ना गाल्लारातेलाच लागून आहे. म्हणजे ज्या मातीत फ्रेंच राज्याचा सगळ्यात लांब अध्याय सुरू झाला होता, तिथून हाकेच्या अंतरावर आता इटालियन विश्वविजेता यजमान म्हणून उभा होता. क्रेन्नाच्या वेळी लोंगो सोळा वर्षांचा होता. आता सत्तावीस वर्षांचा, तीन वेळा जिंकलेला, आणि आपल्या लोकांसमोर हरण्याची भीती वाहणारा. तो जिंकला. वोल्फ्सहोल दुसरा आला.

त्या दुसऱ्या क्रमांकाची किंमत काही महिन्यांत कळली. त्याच वसंतात वोल्फ्सहोल स्पेनची व्हुएल्ता ही अनेक टप्प्यांची शर्यत जिंकला, आणि तीही आपल्याच संघाचा नायक रेमों पुलिदोर याला मागे टाकून. पुढे १९६८ मध्ये त्यानं पॅरिस–नीस जिंकली आणि त्याच वर्षी टूरमध्ये पिवळी जर्सीही घातली. युरोपातल्या सर्वांत कठीण रस्त्यांवर जो माणूस अव्वल ठरला, त्याला लोंगो हिवाळ्यात हरवत होता. १९५९ ते १९६५ या सात स्पर्धांत लोंगो चार, वोल्फ्सहोल तीन, बाकी जगाचा वाटा शून्य. खेळाच्या इतिहासात दोन समवयस्कांनी इतका काळ असा मैदानाचा ताबा घेतल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, आणि इटलीत किंवा जर्मनीत सायकलचा इतिहास लिहिताना या द्वंद्वाला एखादं पान मिळालं तरी पुष्कळ, ही खंत मला लपवावीशी वाटत नाही.

१९६६ मध्ये स्पेनच्या बेआसाइनला दोघांनाही तिसऱ्यानं मागे टाकलं. एरिक द व्लामिंक, बेल्जियमचा, अवघ्या वीस वर्षांचा. सर्वांत लहान विजेत्याचा मान आता त्याचा झाला. द व्लामिंक पुढे १९६८ ते १९७३ सलग सहा वेळा जिंकला, म्हणजे एकूण सात. त्या दीर्घ राजवटीच्या तोंडाशी एकच खंड पडला, १९६७ चा, झ्युरिकचा. त्याच वर्षी विश्वस्पर्धेत हौशी आणि व्यावसायिक वेगळे झाले, आणि व्यावसायिकांची ती पहिली स्वतंत्र शर्यत एकोणतीस वर्षांच्या लोंगोनं जिंकली. पुन्हा दुसरा वोल्फ्सहोल. पाच विजेतेपदं झाली. द्युफ्रेसची बरोबरी झाली.

लोंगो त्यानंतरही काही वर्षं खेळत राहिला, आणि इटलीचं राष्ट्रीय विजेतेपद त्याच्या नावावर बारा वेळा लागलं. जून २०२३ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, तो गेला. त्याच्यानंतर इटलीला पुरुषांचं मुख्य विश्वविजेतेपद पुन्हा मिळालं ते १९९७ मध्ये, म्युनिकला, दानिएले पोन्तोनीच्या हातून. तोही ईशान्येकडचाच, व्हेनेतोच्या शेजारच्या फ्रिउलीचा. मध्ये तीस वर्षं गेली होती, आणि पोन्तोनीनंतर पुरुषांच्या या मुख्य शर्यतीत इटलीचा कुणी अजून जिंकलेला नाही.